माया पिरॅमिड ते सिरपूर : दगड कुणाचे, पाणी कुणाचं?

नवा रायपूरहून बोलतोय.

युकातानच्या प्रवासावरचा भाग तुम्ही पाहिलात. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा होता : "साहेब, मेक्सिकोला जाणं आम्हाला काही जमायचं नाही. तसं आपल्याकडे काही आहे का?" आहे. माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर ते सुरू होतं. आज तेच सांगणार आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. युकातानच्या त्या भागात मी एक प्रसंग सांगितला नव्हता. तो माझ्याच अंगाशी येणारा होता, म्हणून गाळला होता.

फेब्रुवारी २०२४. मुलगी टेक्सासात असते, तिथून सौ. आणि मी नऊ दिवसांसाठी युकातानला गेलो होतो. इसामाल नावाचं एक गाव आहे, सगळं पिवळ्या रंगाने रंगवलेलं. तिथल्या किनिच काकमो पिरॅमिडवर आजही चढू देतात. आम्ही चढलो. वरून समोर फ्रान्सिस्कन पंथाचा भलामोठा मठ दिसतो. आमचा गाईड पन्नाशीचा, घरी माया भाषा बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, "तो मठ आमच्या देवळाच्या चौथऱ्यावर उभा आहे. देवळाचेच दगड काढले आणि लावले."

मी तावातावाने म्हणालो, "लुटारू, दुसरं काय!" तो हसला. मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे?" मी म्हणालो, "आमच्यावर इंग्रजांनी राज्य केलं." त्यावर तो म्हणाला, "आणि तुमचे लोक? ते कधी दुसऱ्याच्या गावात जाऊन मालक झाले नाहीत?"

मी लगेच उत्तर दिलं. "नाही. आम्ही मराठे. आम्ही आमच्या स्वराज्यासाठी लढलो."

त्याने मान डोलावली. त्याला माझं म्हणणं पटलं. आणि मंडळी, ते उत्तर खोटं होतं. मुद्दाम दिलेलं नव्हतं, पण खोटंच. गंमत म्हणजे ते खोटं ठरवणाऱ्या मुलखात मी तेव्हा चार वर्षं राहत होतो.

आधी युकातान समजून घेऊ

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युकातान म्हणजे मेक्सिकोच्या आग्नेयेला समुद्रात घुसलेला सपाट चुनखडीचा पट्टा. त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळजवळ नाहीच. पाऊस पडतो, पण पाणी दगडात जिरतं. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, त्याने ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवतं. हजारो वर्षांत जमिनीखाली पोकळ्या होतात, बोगदे होतात. एखाद्या ठिकाणी छत कोसळतं आणि खालचं पाणी उघडं पडतं. त्याला तिथे सेनोते म्हणतात. मूळ माया शब्द आहे झोनोत. आपल्या भाषेत सांगायचं तर देवाने खणलेली विहीर.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा काळ संपवणारी उल्का याच भागात आदळली. ते चिक्शुलूबचं विवर आता जमिनीखाली गाडलेलं आहे, पण त्याच्या कडेवरून सेनोत्यांची अर्धवर्तुळाकार माळच लागते. गाडलेल्या विवराची कड वरून पाण्याने आखलेली दिसते.

जिथे पाणी तिथे वस्ती, हा नियम तिथेही आहे. चिचेन इत्सा उभं राहिलं ते सेनोत्यांच्या आधाराने. तिथल्या प्रसिद्ध पिरॅमिडला चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वर एक, अशा ३६५ होतात. आता त्यावर चढायला बंदी आहे. उश्मालला सेनोते नाहीत, म्हणून तिथल्या लोकांनी जमिनीत चुलतून नावाची टाकी खोदली आणि पावसाचं पाणी साठवलं. आपल्या रायगडावरची, सिंहगडावरची टाकी आठवा. गरज तीच होती, उत्तरही तेच निघालं.

मग स्पॅनिश आले. १५४२ मध्ये त्यांनी मेरिदा वसवलं ते तिहो या माया नगरीच्या जागेवर, आणि तिथलं कॅथेड्रल बांधलं ते माया देवळांच्या दगडांनी. वायादोलिद शहर साकी या माया गावावर बसवलं. साकी नावाचा सेनोते आजही शहराच्या मधोमध आहे आणि लोक त्यात पोहतात. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज त्या लिपीतल्या फक्त चार पोथ्या जगात शिल्लक आहेत. आणि माया लोक गप्प बसले असंही नाही. १८४७ मध्ये त्यांनी बंड केलं, ते पन्नासेक वर्षं धुमसत राहिलं.

म्हणजे युकातानमध्ये तीन थर दिसतात. खाली पाणी, त्यावर ज्यांनी पहिल्यांदा बांधलं त्यांचे दगड, आणि त्यावर नंतर आलेल्या मालकांचं गाव. हे तीन थर डोक्यात ठेवा आणि माझ्याबरोबर छत्तीसगडात चला.

सिरपूर : पहिल्यांदा कुणी बांधलं

रायपूरहून ऐंशीएक किलोमीटरवर, महानदीच्या काठावर सिरपूर आहे. जुनं नाव श्रीपूर. दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची ही राजधानी. इथलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे, सातव्या शतकाच्या सुमाराचं. आपल्याला वेरूळ-अजिंठ्याच्या दगडाची सवय असते. इथे भाजलेल्या विटेवर कोरीव काम केलेलं आहे आणि विटांमधले सांधे इतके बारीक की पोस्टकार्ड जाणार नाही. फक्त दार दगडी आहे आणि त्याच्या वरच्या पट्टीवर शेषशायी विष्णू आहे.

हे मंदिर वासटा राणीने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधलं. ही माहिती दंतकथेतली नाही. ढिगाऱ्यात सापडलेल्या शिलालेखात ती लिहिलेली आहे आणि तो लेख रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. पतीच्या आठवणीत बायकोने उभारलेली एवढी मोठी वास्तू, तीही तेराशे वर्षांपूर्वीची. ताजमहालाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, हिची नसते.

वासटेचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन. त्याच्या राज्याच्या सत्तावन्नाव्या वर्षाचा ताम्रपट सापडलेला आहे, म्हणजे इतकी वर्षं तर नक्कीच राज्य केलं. शैव देवळं, वैष्णव देवळं आणि बौद्ध विहार एकाच गावात शेजारी शेजारी उभे राहिले ते याच काळात. आणि त्याच शतकात तिकडे पालेंके नगरीत पाकाल नावाचा माया राजा ६८ वर्षं गादीवर होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. पण दोघांच्याही गवंड्यांना एकच प्रश्न पडला होता : देव उंचावर कसा बसवायचा?

त्याचं उत्तर बघायचं तर सुरंग टीला बघा. उंच चौथरा, वर पाच गाभारे, आणि समोरून सरळ अंगावर येणारा दगडी जिना. पहिल्यांदा पाहिला तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर आपण तिकडे पाहिलं!" पण दुसऱ्यांदा बघा. जिन्याच्या पायऱ्या मध्येच लाटेसारख्या वाकलेल्या आहेत. भूकंपाने जमीन हलली, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. माया लोक आणि सिरपूरचे लोक एकमेकांना भेटले होते वगैरे व्हिडिओ तुम्हाला मोबाइलवर येतील. त्यांवर विश्वास ठेवू नका. उंचावर जायला जिना लागतो आणि माणूस कुठेही तो जवळपास सारखाच बांधतो, इतकंच ते आहे.

सिरपूर मातीतून वर आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे. १९५० च्या दशकात सागर विद्यापीठातर्फे डॉ. मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं. आनंदप्रभु कुटी विहार त्यांनी उजेडात आणला. पुढे २००० नंतर अरुणकुमार शर्मांनी सुरंग टीला, बाजारपेठ वगैरे मोकळी केली. त्यांना पद्मश्री मिळाली. दीक्षितांचं नाव ऐकून माझी छाती फुगली होती. म्हटलं, बघा, मराठी माणूस जिथे जातो तिथे काम करतो.

मग मी नदीकाठच्या गंधेश्वर मंदिरात गेलो. नांदतं देऊळ आहे, श्रावणात कावडींची रीघ लागते. त्याचे खांब बघत उभा होतो. एक खांब दुसऱ्याशी जुळत नव्हता. भिंतीत शिल्पं बसवलेली, तीही वेगवेगळ्या घरची. तिथे कळलं की पडक्या देवळांचे आणि विहारांचे अवशेष वापरून या मंदिराचा जीर्णोद्धार झाला तो मराठ्यांच्या काळात, भोसल्यांच्या राज्यात.

मला इसामाल आठवलं. आता हे आणि ते एक नाही, हे मी आधीच सांगतो. इथे पडलेल्या देवळाचे दगड उचलून त्याच श्रद्धेचं देऊळ उभं केलं. तिथे उभं देऊळ पाडलं. हा फरक लहान नाही. पण "तुमचे लोक कधी दुसऱ्याच्या गावात गेले नाहीत का," या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र त्या खांबापाशीच कोसळलं.

रतनपूर : नंतर आलेले मालक आम्हीच

पुढच्या आठवड्यात मी रतनपूरला गेलो. बिलासपूरपासून पंचवीस किलोमीटर. कलचुरी राजांची जुनी राजधानी, महामायेचं ठाणं आणि तळ्यांचं गाव. रतनपूरला पाणी म्हणजे तळं. एकामागून एक तळी लागत जातात आणि बायामाणसं आजही घाटावर कपडे धुताना, आंघोळ करताना दिसतात.

आपण शाळेत अटकेपार झेंडे शिकलो. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्याही कानावरून गेल्या. पण नागपूरहून बंगालची वाट कुठून जाते हे कुणी शिकवलं नाही. ती रतनपूरवरून जाते. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन इथे आला. रघुनाथसिंह हा कलचुरी राजा म्हातारा होता, मुलाच्या मृत्यूने खचलेला होता. फारशी लढाईच झाली नाही. शहरावर एक लाख रुपये दंड बसवला आणि फौज पुढे गेली. १७५८ पासून रघूजींचे धाकटे चिरंजीव बिंबाजी भोसले रतनपूरला राहून प्रत्यक्ष राज्य करू लागले.

मी तीसेक वर्षं फौजेत काढली. फौज एखाद्या मुलखातून जाते तेव्हा काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. घोड्यांना दाणा लागतो, माणसांना धान्य लागतं, आणि ते गावातूनच उचललं जातं.

बिंबाजींबद्दल इथल्या इतिहासात बरंच चांगलं लिहिलेलं आहे. ते इथेच राहिले, रामटेकडीवर त्यांनी रामाचं देऊळ बांधलं. दसऱ्याला सोनं वाटायची रीत त्यांनीच इकडे आणली असं मानतात. कारभारात मराठी आणि मोडी आली. १७८७ मध्ये ते गेले. त्यानंतर मात्र नागपूरकरांनी स्वतः इथे राहणं सोडलं आणि सुभेदार नेमले. सुभेदाराने ठरलेली रक्कम नागपूरला भरायची आणि मुलखातून ती वसूल करायची. असा माणूस तळ्याचा गाळ कशाला काढेल? १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी इथून गेला. राजधानी पाहायला मिळेल या अपेक्षेने आला होता. त्याला दिसलं ते पडझड झालेल्या झोपड्यांचं एक पसरट खेडं. १८१८ नंतर इंग्रजांनी कारभार रायपूरला नेला आणि रतनपूर मागेच राहिलं.

रामटेकडीच्या पायऱ्यांवर मी दम खात बसलो होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. माझ्या हिंदीवरून त्यांनी ओळखलं. म्हणाले, "महाराष्ट्र के हैं? तब तो यहाँ आप ही लोगों का राज था." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आपण पाहुण्याला "तुमची गाडी कुठे लावली?" विचारतो तसं सहज. मी "हो" म्हणालो. दोन वर्षांपूर्वी इसामालला द्यायचं उत्तर ते हेच होतं.

नवा रायपूर : घराजवळची गोष्ट

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्या घराजवळच, नवा रायपुरात, शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाने आदिवासी स्वातंत्र्यवीरांचं संग्रहालय सुरू झालं. सोनाखानच्या या जमीनदारांना इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिली. दुष्काळात सावकाराचं कोठार फोडून त्यांनी भुकेल्यांना धान्य वाटलं होतं. मी संग्रहालयात गेलो ते इंग्रजांविरुद्धचा लढा बघायला, आणि परलकोटच्या दालनात थांबलो.

परलकोटचे गेंदसिंह. अबुझमाड भागातल्या या जमीनदाराने १८२४-२५ मध्ये उठाव केला. धावड्याच्या फांद्या गावोगाव पाठवायच्या आणि पानं सुकायच्या आत लोकांनी जमायचं, अशी खूण होती म्हणून सांगतात. निरोप देण्याची पद्धत म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. पण हा उठाव कुणाविरुद्ध होता? इंग्रज आणि मराठे, दोघांविरुद्ध. बस्तर १७७८ पासून नागपूरकरांना खंडणी भरत होतं आणि तिचा भार शेवटी जंगलातल्या माणसावर यायचा. उठाव मोडायला फौज आली ती चांद्याहून, म्हणजे आपल्या आजच्या चंद्रपूरहून. २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहांना त्यांच्याच वाड्यासमोर फाशी दिलं.

मी त्या दालनात बराच वेळ उभा होतो. वर्दी घातलेल्या माणसाला आपण कायम बरोबर बाजूला असतो असं वाटत राहतं. तो चुकीचा आत्मविश्वास निवृत्तीनंतरही जात नाही.

आता कुणी म्हणेल, साहेब, म्हणजे आपण मराठ्यांनी मान खाली घालायची का? नाही. मी तसं म्हणत नाही. त्याच रायपुरात तात्यापारा आहे, जुन्या मराठी कुटुंबांची वस्ती. पंडित माधवराव सप्रे मराठी घरातले. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केलं. त्यांच्यासोबत वामनराव लाखे होते. सप्र्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. 'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची कथा हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते. जमीनदार विधवेची झोपडी बळकावतो. ती टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग उरलेल्या सगळ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, असं ती त्याला विचारते. ही गोष्ट छत्तीसगडात बसून एका मराठी माणसाने लिहिली. मला सुभेदारांपेक्षा सप्र्यांचा वारस व्हायला आवडेल. पण वारसा निवडायचा तर आधी दोन्ही माहीत हवेत.

आणि हे सगळं जुनं झालं असंही समजू नका. मी राहतो त्या सेक्टरच्या जागी पंधरा-वीस वर्षांपूर्वी धानाची शेतं होती. आमचा दूधवाला एकदा सहज म्हणाला, "साहब, जहाँ आपकी गाडी खडी है, वहाँ हमारा बियारा था." बियारा म्हणजे खळं. तेव्हापासून गाडी लावताना मला ते खळं आठवतं.

बस्तर : पाणी कुणाचं

तिसरा थर पाण्याचा. त्यासाठी रायपूरहून तीनशे किलोमीटर दक्षिणेला जगदलपूर गाठा. वाटेत केशकालचा घाट लागतो. जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ मध्ये घोषित झालेलं. इथला खडकही चुनखडीच आहे, युकातानच्या चुनखडीहून कितीतरी जुना.

तर मग इथे सेनोते का नाहीत? कारण जमिनीला उतार आहे. युकातान ताटासारखं सपाट, पाणी जागच्या जागी खाली जिरतं. कांगेरमध्ये डोंगर आहेत, पाण्याला वाहून जायला वाट आहे. त्यामुळे इथे पाण्याने आडव्या गुहा कोरल्या आणि पुढे धबधबे झाले. कुटुमसरची गुहा बघा. अरुंद तोंडातून खाली उतरायचं, आत गडद अंधार, छतातून लोंबणारे आणि जमिनीतून वर आलेले चुन्याचे स्तंभ. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, म्हणून तेव्हा ती बंद असते.

आतल्या डबक्यांत एक छोटा मासा आहे, ज्याचे डोळे जवळजवळ गेलेले आहेत. याच जातीचा मासा सह्याद्रीतल्या ओढ्यांत डोळस असतो. उजेडच नाही तर डोळे कशाला, असा निसर्गाचा हिशेब. युकातानच्या पाण्याखालच्या गुहांतही आंधळे मासे आहेत, जात वेगळी पण हिशेब तोच.

आता पोहण्याचं बोलू. तीरथगडचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी सुमारे तीनशे फूट उतरतो. हिवाळ्यात पाणी कमी असताना खालच्या कुंडांत लोक पाय सोडून बसतात. चित्रकोटला इंद्रावती नदी घोड्याच्या नालाच्या आकारात पंचाण्णव फूट खाली पडते. ती बघायची, तिच्यात उतरायचं नाही. आणि कांगेर नदीत भैंसादरहा नावाचा सुंदर शांत डोह आहे. तिथले कायम सभासद मगरी आहेत. तेव्हा फोटो लांबूनच.

हे हसण्यावारी नेऊ नका. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी आमचा एक जवान डोहात गेला. पट्टीचा पोहणारा होता. वरून पाणी संथ दिसत होतं, खाली कपार होती. त्याच्या घरी निरोप द्यायला मी गेलो होतो. म्हणून सांगतो. अनोळखी पाण्यात वरून सूर मारू नका. वर डोंगरात ढग दिसला तर लगेच बाहेर या, पाणी चढायला मिनिटं पुरतात. धबधब्याच्या थेट खाली जाऊ नका. पोटात दारू असेल तर काठावरच बसा. आणि गावकरी "इथे नको" म्हणाला तर कारण विचारत बसू नका. सेनोत्यावर आम्हाला आधी आंघोळ करायला लावली, अंगाला क्रीम लावू दिलं नाही आणि लाइफ जॅकेट दिलं. कुणी कुरकुर केली नाही. तोच शहाणपणा आपल्या डोहावरही दाखवू.

पाणी कुणाचं, या प्रश्नाला कांगेर खोऱ्यात एक चांगलं उत्तर सापडतं. धुडमारास नावाचं धुरवा आदिवासींचं गाव आहे. तिथली पोरं नदीवर बांबूचे तराफे आणि कायाक चालवतात, पाहुण्यांना घरात उतरवतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांसाठीच्या आपल्या कार्यक्रमात या गावाची निवड केली. आम्ही तिथे राहिलो. तराफा चालवणारा मुलगा मला प्रत्येक वळणाचं नाव सांगत होता. पैसे त्याच्या हातात पडत होते आणि कुठे थांबायचं हेही तोच ठरवत होता.

जायचं कसं

सहा दिवस काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिला दिवस सिरपूर : लक्ष्मण मंदिर, सुरंग टीला, आनंदप्रभु कुटी विहार, संध्याकाळी गंधेश्वराचा घाट. दुसरा दिवस रायपूर : सकाळी महंत घासीदास संग्रहालयात वासटेचा लेख, मग तात्यापारा, दुपारी नवा रायपूरचं संग्रहालय. तिसरा दिवस रतनपूर : महामाया, जुना किल्ला, रामटेकडी आणि एखादं तळं. उरलेले तीन दिवस बस्तर. निघण्याआधी रस्त्यांची आणि गुहेची स्थिती स्थानिक वनविभागाकडे विचारून घ्या. आणि कुठल्याही ठिकाणी तीन प्रश्न विचारा : हे पहिल्यांदा कुणी बांधलं, नंतर कोण येऊन मालक झालं, आणि इथलं पाणी आज कोण वापरतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस बहुतेक तिथेच घाटावर सापडतो.

इसामालच्या त्या गाईडचा नंबर माझ्याकडे होता. धुडमारासहून परत आल्यावर मी त्याला लिहिलं : त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. माझे लोकही गेले होते. मी आता त्याच मुलखात राहतो. सोबत रामटेकडीवरून काढलेला तळ्याचा फोटो पाठवला.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. मराठ्यांबद्दल त्याने काहीच लिहिलं नव्हतं. फोटोबद्दल विचारलं होतं : "त्या पाण्यात गावातले लोक अजून आंघोळ करतात का?"

मी कळवलं, करतात.

चला, पुढच्या भागात भेटू. जय हिंद.